एदेल्मीराबाईंची पसंती

एदेल्मीराबाई वोग्ट आमच्या कुंपणापलीकडे राहतात. उंच, वाळलेल्या, बोलायला तुटक. नवरा हॉप, म्हणजे बिअरला कडूपणा आणि वास देणारी बोंडं, वाळवायच्या भट्टीवर होता, तो गेल्यापासून एकट्याच. त्यांच्या वाफ्यातलं सॅलड आमच्या एल बोल्सोन गावच्या शनिवारच्या बाजारात सगळ्यात आधी संपतं, कारण त्याच्या पानाला एकही भोक नसतं. आमच्या वाफ्यात नुसती भोकं असतात, मध्ये मध्ये थोडं पान.

मी बिअर करते. ‘करते म्हणजे स्वयंपाकघर चिकट करते,’ असं माझा नवरा ओरासियो म्हणतो. आमच्या खोऱ्यात रस्त्याकडेच्या तारांवरसुद्धा हॉपचे वेल चढतात. अशा गावात राहून वाईट बिअर करायला अंगात काहीतरी खास असावं लागतं, आणि ते माझ्यात होतं. मी हॉपची बोंडं तळव्यावर चुरडायची, डोळे मिटून वास घ्यायची, मोठी जाणकार असल्यासारखी मान डोलवायची आणि माल्टच्या काढ्यात नको तेव्हा नको तेवढी टाकायची. घरात दुसरा पेला कुणी मागितलेला मला आठवत नाही.

एदेल्मीराबाई मात्र प्रत्येक खेपेची बाटली घ्यायच्या. समोर कधी प्यायल्या नाहीत. ‘आत्ता नको, संध्याकाळी बघते. सकाळी सांगते.’ आणि सकाळी येर्बा मातेच्या, म्हणजे इथल्या कडवट पाल्याच्या चहाच्या पेल्यातली नळी तोंडात धरून कुंपणाशी येऊन सांगायच्या. हॉपच्या वाणाप्रमाणे मी बुचांचे रंग ठरवले होते. नगेटला हिरवं, मापुचेला पांढरं, कॅस्केडला लाल.

‘हिरव्या बुचाची नको, देल्फिना. जवळ जावंसं वाटत नव्हतं.’

‘कडू झाली?’

‘असेल. लाल बुचाची बरी होती. सोडवत नव्हतं.’

एवढ्यावर मी माझा हात बदलत गेले. नगेट कमी केलं. कॅस्केड उकळीच्या सुरुवातीला टाकायचं सोडून आच बंद झाल्यावर टाकायला लागले. ओरासियोला ऐकवायचे, ‘बघ, जीभ असावी तर अशी!’

मग आमच्या लेकीचं, मायतेनचं लग्न ठरलं, तेही अन्सेल्मो पेरुत्तींच्या मुलाशी. पेरुत्तींच्या हॉपच्या शेताला आमच्या गल्लीत घरं नसतील एवढी तर नुसती फाटकंच आहेत. मी तिथल्या तिथे जाहीर केलं, लग्नाची बिअर मी करणार.

‘आई, नको ना गं,’ मायतेन म्हणाली. ‘ती माणसं हॉपच्या पोत्यांवर वाढलीत. एक घोट घेतील आणि मला आयुष्यभर ऐकवतील. बाबा, सांगा ना हिला.’

‘मी काय सांगणार? मी या स्वयंपाकघरात भाडेकरू आहे.’

शेवटी मायतेननेच अट घातली. एदेल्मीराबाईंनी पसंत केली तर माझं पिंप येईल, नाहीतर विकतची. मी तिन्ही वाणांच्या छोट्या खेपा केल्या, तीन बाटल्या कुंपणापलीकडे दिल्या आणि रात्रभर कूस बदलत राहिले.

‘लाल,’ सकाळी एदेल्मीराबाई म्हणाल्या. ‘काही विचारूच नकोस, पोरी. झुंबड.’

झुंबड कसली, ते मी खरोखरच विचारलं नाही. पिंपभर कॅस्केड घातलं.

लग्नाच्या आठवड्यात मी त्यांचा मोठा टेबलक्लॉथ मागायला गेले. पुढचं दार वाजवून कुणी उघडेना, म्हणून मागून वाफ्यातून शिरले. सॅलडच्या ओळींमध्ये बशा मातीत काठापर्यंत पुरलेल्या होत्या. बशांत बिअर, बिअरमध्ये बिनशंखाच्या गोगलगायी, फुगून मेलेल्या. प्रत्येक बशीशेजारी एक बूच. हिरव्यापाशी एक चुकार गोगलगाय. पांढऱ्यापाशी थोड्या. लाल बशीत बिअर दिसतच नव्हती.

बाई बादली घेऊन आल्या आणि थांबल्या.

‘हे तुमचं मत?’ मी विचारलं.

‘मी खोटं बोलले का कधी? तू विचारायचीस, आवडली का. यांना आवडली तर आवडली म्हणायचे.’

‘तुम्ही एक घोटही घेतला नाहीत?’

‘नवरा भट्टीवरून यायचा, तेव्हा कपड्यांना, उशीला, माझ्या केसांनासुद्धा हॉपचा वास असायचा. बिअर मला कधी जवळ करवली नाही. पण पहिली बाटली तू अशा तोंडाने आणलीस की नाही म्हणवेना. वाफ्यात ओतली. पानं खाणाऱ्या गोगलगायी वासाने तिकडेच गेल्या, सकाळी सॅलड शाबूत.’

मी बादली उपडी करून तिच्यावर बसले. ज्यांनी मला घडवलं, ते सगळे रसिक पायाशी बुडून पडले होते. पिंप तयार होतं. मायतेनला खरं सांगितलं असतं, तर ते पिंपही इथेच रिकामं झालं असतं.

‘आत्ता एक घोट घ्या,’ मी म्हणाले. ‘पोरीला तुमच्या नावाने शब्द दिलाय.’

घरातून लाल बुचाची बाटली आणली. त्यांनी औषध घ्यावं तसा पेला तोंडाला लावला.

‘त्याचाच वास,’ त्या म्हणाल्या. ‘पण आंघोळ करून आल्यावरचा.’

आणि पेला संपवला. दुसरा स्वतः ओतला.

लग्नात विस्तवावर कोकरू भाजत होतं आणि पेरुत्तींचे सगळे भाऊ पेले हातात घेऊन माझ्याकडे बघत होते. अन्सेल्मोंनी वास घेतला, घोट घेतला, मिशी पुसली. मायतेनने माझा दंड घट्ट धरला होता.

‘कॅस्केड. आच बंद झाल्यावर टाकलंय,’ ते म्हणाले. ‘विहीणबाई, निवड कुणाची?’

मी तोंड उघडलं. टेबलाखालून एदेल्मीराबाईंचा बूट माझ्या नडगीवर बसला.

‘बऱ्याच जणांना विचारून केलीय,’ त्या म्हणाल्या.

अन्सेल्मोंनी पेला पुढे केला. मायतेनची पकड सुटली. दंडावर बोटं आठवडाभर उमटलेली होती.

आता बाटली दिली की एदेल्मीराबाई एक पेला स्वतः घेतात, उरलेली वाफ्यात जाते. सकाळी दोन्ही मतं मिळतात. मी आधी वाफ्याचं विचारते. एदेल्मीराबाई शेजारी आहेत, मन राखतात.