मनोहरभाऊंचा उंबरा

सरकीच्या ढेपेला स्वतःचा असा एक वास असतो. कोरड्या दिवसांत तो तेलकट, किंचित जळका लागतो. हवेत ओल आली की गोडसर होत होत गुळाच्या जवळ जातो. वर्ध्याच्या कापूस बाजारामागच्या गल्लीत मी एक प्रश्न घेऊन गेले होते, पण आज आठवू लागले की प्रश्नाच्या आधी तो वास येतो, मग पोत्यांच्या तागाचा खरखरीत स्पर्श, आणि मग मनोहरभाऊंचा आवाज: "बोला."

दुकानात कोणीही आलं तरी ते "बोला" म्हणत. गाईम्हशींसाठी ढेप न्यायला आलेला शेतकरी असो, शेजारचा सराफ असो की पाहुणे म्हणून आलेले व्याही असोत, मनोहरभाऊंच्या तोंडून "या" असा शब्द कधी निघाला नाही. घरातही नाही. सुमनकाकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, दुकानामागच्या घरातून चहा घेऊन आल्या की ते नुसती मान हलवत. काकूंनी माझ्यासमोर एकदा टोमणा मारलाच. "लग्न करून आली मी या घरात, मॅडम, तवाही हा मानूस दारात मान हालवूनच उभा व्हता. 'ये' म्हन्याले यायच्या जिभेले काय काटा रुततो, देवाले मालूम." मनोहरभाऊ हसले आणि बशीत चहा ओतू लागले.

मी वर्ध्याच्या एका महाविद्यालयात मराठी शिकवते. कवितेत वाढलेल्या माणसाला न उच्चारलेला शब्द उच्चारलेल्यापेक्षा आधी ऐकू येतो. त्यामुळे या माणसाने एक साधा शब्द बाजूला का ठेवला आहे, हे कुतूहल त्या पहिल्याच भेटीत माझ्याबरोबर वर्ध्याला लागूनच असलेल्या पिपरी मेघेतल्या माझ्या घरी आलं आणि पुढे कितीतरी वर्षं तिथेच राहिलं.

मी गेले होते ते वेगळ्याच कामासाठी. महाविद्यालयाच्या वार्षिक अंकात जुन्या विद्यार्थी मंडळांविषयी लिहायचं होतं. एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, "उजेड-शिवार बंधुमंडळाचं विचारायचं असेल तर मनोहर ढेपवाल्याकडे जा. ते आपल्याच महाविद्यालयाचे जुने विद्यार्थी. कागद मात्र मिळणार नाही, त्यांच्यात लिहून ठेवायची रीतच नव्हती."

"इतिहास पाह्यजे का?" मनोहरभाऊंनी विचारलं. "मंग घाई नोका करू. थे पोतं घ्या, बसा." पोतं उंबऱ्याबाहेर, ओट्यावर होतं. मी तिथे बसले. पुढच्या सगळ्या भेटींत माझी जागा तीच राहिली, आणि आपण बाहेर बसतो आहोत हे माझ्या ध्यानातही आलं नाही.

त्यांनी सांगितलेला इतिहास असा. खेड्यांतून शिकायला आलेली काही मुलं संध्याकाळी वसतिगृहाच्या एका खोलीत जमू लागली. खोलीत कंदील एकच, म्हणून नाव पडलं उजेड मंडळ. हळूहळू वर्धा गावातली मुलंही येऊ लागली. कोणी आजारी पडला तर त्याच्याजवळ बसायचं, कोणाला घरची आठवण आली तर त्याला गावाच्या गोष्टी बोलू द्यायच्या, एवढंच काम. वर्षातून एकदा गोवऱ्यांच्या आरावर रोडगे, म्हणजे कणकेचे जाड गोळे, भाजून जेवण. शपथ नव्हती, वर्गणी नव्हती. नव्या मुलाने बंद दाराबाहेर उभं राहून आपलं नाव आणि गाव सांगायचं, आणि आत बसलेल्यांतल्या वडीलधाऱ्याने एकच शब्द म्हणायचा: ये.

"मास्तर असो का पोट्टा, सगळ्यायले 'ये'," मनोहरभाऊ म्हणाले. "मंडळात तुमी-आमी नाई. थो शबद आयकला का मानूस आतला झाला. मरेपरेंत आतला. मले ज्यानं बोलावलं थो गेला, पन त्याचा आवाज अजून या कानात हाये. जरासा बसका व्हता."

"म्हणून तुम्ही इतर कोणाला तो शब्द म्हणत नाही?"

"ढेप घ्याले आलेल्याले थोच शबद, अन् भावाले थोच? मंग भावाले काय उरलं, मॅडम?"

मग मंडळ फुटलं. सांगायला कारण असं की रोडग्यांबरोबर गावातल्या मुलांना वरण हवं होतं आणि खेड्यांतल्या मुलांना वांग्याची भाजी. हे सांगताना मनोहरभाऊ स्वतःच हसत, पण मग हातातला गमछा उगीच घड्या घालत बसत. "वांगं काई नाई हो. आमी गावातले पोट्टे दिवा मालवून घरी जाओ, मायच्या हातचं जेवाले. थे तिथीच राहेत, अंधारात. मंग उजेड कोनाचा झाला?" खेड्यांतल्या मुलांनी शेजारच्या खोलीत शिवार मंडळ काढलं. रीत तीच ठेवली, दार तेवढं निराळं. त्यांत नामदेव होता, मनोहरभाऊंचा जिवलग. वर्गात एका बाकावर बसूनही दोघे एकमेकांशी बोलेनासे झाले.

पुढे दोन्हीकडची माणसं ओसरली. कंदिलाच्या जागी बल्ब आला आणि बल्बखाली बसायला कोणी उरेना, तेव्हा मनोहर आणि नामदेव यांनीच विलीनीकरण ठरवलं. मी विचारलं, "मग कोण कोणात विलीन झालं?"

"तेच तं," ते म्हणाले. डोळ्यांत एकदम विशीतला पोरगा आला. "आमी म्हटलं, चूक आपली व्हती, आपन लहान होऊ. उजेड मंडळ आमी मोडलं, अन् शिवारच्या दारात 'ये' आयकाले जाचं ठरवलं. तिकडं नामदेवनं तेच केलं. शिवार मोडलं. कोनी कोनाले सांगतलं नाई, सांगतलं अस्तं तं थो मोठेपना झाला अस्ता ना."

विलीनीकरणाच्या दिवशी वसतिगृहाच्या जेवणघराची खोली ठरली होती. संध्याकाळी उजेडची मुलं बंद दारासमोर जाऊन उभी राहिली आणि आतून शिवारवाल्यांनी बोलवण्याची वाट पाहू लागली. जरा वेळाने शिवारची मुलं आली आणि तीही दारासमोर उभी राहिली, उजेडवाले आपल्याला बोलावतील म्हणून. दोन्हीकडे नमस्कार झाले. सगळे बंद दाराकडे पाहत उभे. बाहेर दोन मोडलेली मंडळं, आणि आत मंडळाचं कोणीच नाही. ज्याला बोलावण्याचा हक्क होता असा एकही माणूस जिल्ह्यात उरला नव्हता.

"मग आत गेलात कसे? आतून कोणी बोलावलं?"

"गेलो. बोलावलं कोनीतरी," मनोहरभाऊ म्हणाले आणि गिऱ्हाइकाकडे वळले. "बोला."

हा प्रश्न मी पुढे अनेकदा विचारला. कधी ते तराजूची साखळी सरळ करत, कधी "काऊन त्याच्याच मांगं लागता?" म्हणत विषय बदलत. अंकातला लेख केव्हाच छापून झाला होता. त्यात ती जागा मी गाळली. पण दर महिन्या-दोन महिन्यांनी मी त्या पोत्यावर जाऊन बसत असे. गाणं अर्ध्यात थांबलं की ऐकणाऱ्याच्या छातीत पुढचा सूर अडकून राहतो, तसं माझं झालं होतं.

एकत्र झालेलं उजेड-शिवार बंधुमंडळही पुढे निजलं. "मेलं" हा शब्द ते वापरत नसत. वसतिगृह पाडलं तेव्हा ते निजलं, मग मनोहरभाऊंनी दुकानामागच्या गोदामात त्याला पुन्हा उठवलं. काही वर्षं ढेपेच्या थप्प्यांमध्ये मुलं बसली, रोडगे झाले. मग एकेक जण पुण्याला, नागपूरला गेला. मंडळाचा दंडक असा की ज्याने वर्धा सोडलं त्याचं नातं राहतं, बोलावण्याचा हक्क जातो. नामदेव वारला. हक्क असलेले एकटे मनोहरभाऊ उरले.

याच सुमाराला प्रणाली माझ्या वर्गात आली. आर्वीकडच्या खेड्यातली, पिपरी मेघेत खोली करून राहणारी, वहीच्या मागच्या पानावर घरच्या आंगणाचं चित्र काढत बसणारी. जुन्या अंकातला माझा लेख वाचून ती एके दिवशी म्हणाली, "मॅडम, हे मंडळ अजून हाये का? आमच्या खोलीवर आमी चौघी हाओ. सांजच्या वक्ताले कोनी कोनाशी बोलत नाई. मोबाइल पाह्यत बसतो. मले तं कधी कधी वाटते, मी अथी हाये हे कोनाले मालूमच नाई."

मी तिचा निरोप मनोहरभाऊंकडे नेला. ते बराच वेळ ढेपेचा एक तुकडा बोटांनी चुरत राहिले. "बंधुमंडळ हाये, मॅडम. पोरीयले बोलावलं नाई कधी. माह्याआधीच्यायनं जे नाई केलं थे म्या कसं करू?"

"मग मंडळ तुमच्याबरोबर संपेल."

"संपन," ते म्हणाले. तो शब्द त्यांनी इतक्या हलक्या आवाजात उच्चारला की ओट्यावरच्या चिमण्यांचा आवाज त्याहून मोठा वाटला.

त्या हिवाळ्यात त्यांना सेवाग्रामच्या दवाखान्यात ठेवावं लागलं. छातीचं दुखणं होतं. मी भेटायला गेले तेव्हा सुमनकाकू संत्रं सोलत होत्या आणि सालीचा तिखट-गोड वास औषधांच्या वासावर मात करत होता. मनोहरभाऊ आपण होऊन बोलू लागले.

"तुमी इचारत व्हत्या ना, आतून कोनी बोलावलं? अंजनाबाईनं बोलावलं."

अंजनाबाई वसतिगृहात स्वयंपाक करत. त्या संध्याकाळी त्यांनी रोडगे आत नेऊन ठेवले होते, वरण आणि वांग्याची भाजी दोन्ही केली होती, आणि बाहेर मुलं गप्प उभी का आहेत ते त्यांना कळेना. शेवटी त्यांनी दार उघडलं.

"म्हने, 'या न रे पोट्टेहो आत, रोडगे थंडे होऊन राह्यले.' अन् आमी सारे गेलो." मनोहरभाऊ हसता हसता खोकले. "सगळे चूप. नामदेवनं माह्या हातावर हात ठेवला, कोनाले सांगू नोको म्हने, लोक हासतीन. मंग आमी त्या दिसापासून एकमेकायले बोलावत राह्यलो. पन पह्यला आवाज तं तिचाच ना?"

सुमनकाकूंच्या हातातली फोड तशीच राहिली. "म्हंजे तुमचं सारं बंधुमंडळ एका बाईनं बोलावलेलं हाये?" त्या म्हणाल्या. "अन् मले मात्र मान हालवून."

मनोहरभाऊंनी त्यांच्या हातातली ती फोड घेतली. मग ते मला म्हणाले, "त्या पोरीले आना दुकानावर. मी घरी गेलो का."

त्यांना घरी आणल्यानंतर एका संध्याकाळी आम्ही गेलो. प्रणाली, तिच्या खोलीतल्या तिघी आणि वर्गातले दोन मुलगे. मनोहरभाऊ शाल पांघरून गादीवर बसले होते. त्यांच्या शेजारी, उंबऱ्याच्या आत, सुमनकाकू बसल्या होत्या. त्या दोघांमध्ये आधी काय बोलणं झालं ते मला माहीत नाही, पण काकूंच्या चेहऱ्यावर नव्या लुगड्यासारखी एक करकरीत ऐट होती.

"माह्यात आता दम नाई," मनोहरभाऊ म्हणाले. "मी एकालेच बोलावतो. मंग त्यानं बाकीच्यायले बोलवावं. पन थो मानूस वर्धा सोडनारा नाई पाह्यजे."

दुकानाचं दार त्यांनी काकूंना ओढून घ्यायला लावलं. फळ्यांच्या फटींतून आतल्या दिव्याची रेघ आमच्या पायांवर पडली. ढेपेचा वास थंडीने दाट झाला होता. मी प्रणालीच्या पाठीवर हात ठेवून तिला पुढे केलं. तिने आपलं नाव सांगितलं, गाव सांगितलं. आतून उत्तर आलं नाही. तिने वळून माझ्याकडे पाहिलं. मग आतून काकूंचा आवाज आला, "अवो मॅडम, थे तुमची वाट पाहून राह्यले. पोट्टे तं शिकून जातीन. नाव सांगा न तुमचं."

ज्या ओट्यावर मी इतकी वर्षं बसले होते त्याच ओट्यावर मी आता बंद दारासमोर उभी राहिले. पुढचा उन्हाळा मनोहरभाऊंनी पाहिला नाही. आता संध्याकाळी आम्ही त्याच गोदामात बसतो आणि प्रणाली वरण की वांगी यावर मुलांशी भांडते. पण हे सगळं नंतरचं. त्या क्षणी मी माझं नाव सांगितलं, गाव सांगितलं, आणि आतून तो जपून ठेवलेला, जरासा बसका आवाज आला:

"ये."