बुडबुडे गेलेली बाटली

लिफ्टवाल्या दादाला निवृत्त होऊन पुरता एक दिवसही झाला नव्हता, तोच त्याच घरात राहणाऱ्या त्याच्या धाकट्या बहिणीच्या डोक्याला ताप सुरू झाला. चौतीस वर्षं तो सकाळी सातला लिफ्ट दुरुस्तीला बाहेर पडे आणि स्वयंपाकघर तिचं एकटीचं असे. आता या माणसाचे दिवस जायचे कसे, या विचाराने त्याच्यापेक्षा तिचाच जीव टांगणीला लागला होता. आदल्या संध्याकाळीच तिने बजावलं होतं, "माझ्या स्वयंपाकघरात स्क्रूड्रायव्हर घेऊन शिरायचं नाही!"

"आहे कुठे? हत्यारांची बॅग कंपनीत जमा केली," दादा म्हणाला होता.

आणि सकाळी बघते तर स्वारी ओट्यापाशी. निरोपसमारंभातून फसफसत्या वाइनच्या तीन बाटल्या परत आल्या होत्या; दोन सीलबंद, एक उघडलेली. दुधाऐवजी ही घातली की पॅनकेक मस्त फुगतात, असं कुणीतरी त्याच्या डोक्यात भरवलेलं.

"मग बुडबुडे आहेत तोवर पटकन तव्यावर घाल," धाकटी म्हणाली.

दादाला पटकन काही जमलं असतं तर काय हवं होतं! पीठ एका बाजूला ओघळलं, तसा त्याने खिशातून सपाटी मोजायची पाणसळ काढली आणि शेगडीवर ठेवून डोळा बारीक केला.

"दोन मिलिमीटर तिरकी आहे."

"वीस वर्षं तिरकीच आहे! कुणी उपाशी मेलं नाही!"

पहिला पॅनकेक चपलेच्या तळासारखा निघाला. दुसरा निघाला आणि जोड पुरा झाला. धाकटीने बाटली हिसकावून हलवली. एक बुडबुडा येईल तर शपथ.

"ही तर पार मेलीये. आणि काय रे, आठ माणसांत एवढी उरतेच कशी?"

दादा पाणसळ बाहीला पुसत राहिला.

"आठ ग्लास भरले होते. तेवढ्यात फोन आला, एक लिफ्ट माणसांसकट अडकली. सगळे पळाले. मीही उठलो, बॅगेला हात घातला, तर बॅग कुठे होती... दोन तास थांबलो. मग ग्लासांतली परत बाटलीत ओतली."

धाकटीला रडू यायच्या ऐवजी संतापच आला, आणि तो नेमका कुणावर ते कळेना.

"दोन तास? घर नव्हतं तुला?"

ती तरातरा बाहेरच्या खोलीत गेली. शिलाई मशीनच्या खणातला, कुणाला हात लावू न दिलेला छोटा स्क्रूड्रायव्हर आणून तिने ओट्यावर आपटला.

"शेगडीचे पाय सारखे कर. मग नवी बाटली उघड. बूच दिव्यावर उडालं तर याद राख."

दादा गुडघ्यांवर बसला. चारही पाय सारखे झाले, पाणसळीतला बुडबुडा बरोबर मध्यावर आला. उठताना त्याने सवयीने स्क्रूड्रायव्हर कमरेच्या बॅगेत ठेवायला हात नेला. हात तसाच राहिला.

"दे इकडे," धाकटी खेकसली. "आणि उद्या सातला मागून घे. मशीनचं पॅडल महिनाभर कुरकुरतंय."