दर्याला ‘येतो’ म्हणू नये

समुद्राकडच्या त्या टोकाला आपण नको आहोत, हे जंगलातच कळायला लागतं. करवंदीच्या काट्यांनी माझी बाही फाडली, वाटेने मध्येच दरीशी नेऊन सोडलं. झाडी संपली तसं वाऱ्याने छातीवर हात ठेवून मागे ढकललं. खाली समुद्र काळ्या कातळावर डोकं आपटत होता. लोक याला निसर्गसौंदर्य म्हणतात. मला नुसता राग दिसला, आणि खरं सांगायचं तर मलाही त्याचा रागच आला.

वाट दाखवायला गावातून आलेल्या सुमतीकाकू माघारी वळताना म्हणाल्या, “हय ‘येतंय’ म्हणू नकात हां. दर्याक ता खरा वाटता.”

कुणाकडूनही उठताना आपण ‘येतो’ म्हणतो. नकोशा नातेवाइकांकडेसुद्धा, या घरात पुन्हा पाऊल टाकायचं नाही असं मनात ठरवून झाल्यावरही. ‘जातो’ म्हणणं अशुभ, म्हणून जिभेला या खोट्याची सवयच लागलेली. इथे मात्र ते कुणीतरी खरं धरणार होतं.

ओठांवर आलेला ‘येतो’ मी गिळला.

“जातो,” मी समुद्राला म्हणालो. माणसांच्या तोंडावर हे मला कधी जमलं नव्हतं.