काकूंचा शेवटचा भात

आमच्या शेजारच्या काकू गोळाभात फुलकोबीचा करतात. काकांच्या पायाच्या अंगठ्याची जखम भरेना, तेव्हा धंतोलीच्या डॉक्टरांनी साखर तपासून भात बंद करायला सांगितला. आमच्या आरोग्य गटाचं मधुमेहाचं पत्रक मीच त्यांच्या फ्रिजवर चिकटवलं. तेव्हापासून काकू फुलकोबी किसून वाफवतात, वर डाळीचे गोळे कुस्करतात, लसणाची फोडणी ओततात आणि वाक्यावाक्याला ‘समजलं का’ म्हणत माझंच पत्रक मला ऐकवतात.

परवा त्यांनी मला जेवायला बसवलं. गोळाभात खरंच झकास होता. काकांनी ताट पुसून खाल्लं, आणि काकू दहीभाताचं पातेलं घेऊन आल्या. तांदळाच्या भाताचं.

"काकू, हा भात आहे."

"हा कुठचा भात वं? जेवण संपवाले थोडासा लागते न, समजलं का."

"मग रोज फुलकोबी कशाला किसता?"

"काहून म्हणजे? भात बंद आहे न त्यायले."

मी फ्रिजवरच्या पत्रकातली ‘साखर वाढली की जखम भरत नाही’ ही ओळ मोठ्यानं वाचून दाखवली. काकूंनी पातेलं झाकलं.

काका उठेनात. हात ताटातच वाळत होता.

"उठा न जी."

"जेवण व्हाचं आहे माहं."

काकूंनी माझ्याकडे पाठ केली आणि चमचाभर भात वाढला. काकांनी तो खाल्ला, आणि पट्टीचा पाय ओढत ते हात धुवायला गेले.

काकूंनी उद्याची फुलकोबी निवडायला घेतली.