यंत्रात बिघाड नव्हता

मोटरसायकल शर्यतीत उतरायच्या आधी आम्ही अध्यक्ष निवडला. सगळं तिथंच चुकलं, आणि चुकवणारा मी होतो.

मला दुसरं काही येतच नव्हतं. राज्य व्हायच्या आधीची वर्षं मी पत्रकं लिहिण्यात घालवली. आमचा जिल्हा कोणाबरोबर राहणार, कोणाच्या हुकमाखाली राहणार, यावर मी इतकं लिहिलं की मेहकरच्या छापखान्यात खिळे जुळवणारा माणूस मला दारात पाहिलं की आधी उद्गारचिन्हांचा खण पुढं ओढायचा. त्या दिवसांत कामाची एकच रीत शिकलो होतो: आधी समिती, मग अध्यक्ष, मग पत्रक, आणि त्यानंतर जमलं तर काम. राज्य झालं. सभा संपल्या. आमच्यासारख्यांनी आता घरी जावं आणि ज्यांनी आंदोलनात एक रात्रही कोठडीत काढली नाही त्यांनी खुर्च्या घ्याव्यात, असं ठरलं म्हणे. कोणी ठरवलं, विचारू नका. मी चिडलेला होतो आणि रिकामा होतो.

तेवढ्यात डोणगावात मिस्त्रीची मोटरसायकल पाहिली.

मिस्त्री म्हणजे विहिरीवरची ऑइल इंजिनं दुरुस्त करणारा माणूस. एसटी थांब्यामागं त्याचं टिनाचं शेड. वय चाळिशीच्या अलीकडं, बोलणं तुटक, हाताला कायम काळं तेल. पंचक्रोशीत कोणाचं इंजिन बंद पडलं की माणूस सायकल काढून त्याच्याकडंच यायचा. तो इंजिनाला कान लावायचा आणि सांगायचा, "वॉल बसून राह्यला याचा." खोलून पाहिलं की तेच निघायचं. या कानावर त्याचं पोट होतं.

मोटरसायकल त्याची नव्हती. गावातल्या कापसाच्या जिनिंगच्या मालकानं पलटणीच्या लिलावात भंगाराच्या ढिगाबरोबर ती घेतली होती आणि जिनिंगच्या आवारात बाभळीखाली फेकली होती. शेळ्या तिच्यावर पाय ठेवून पाला खायच्या. मिस्त्रीनं ती मागून आणली आणि वर्षभर तिच्यावर जीव काढला. पिस्टनच्या रिंगा कानशीनं घासून बसवल्या. क्लचला बुचाचे तुकडे लागतात, ते मिळेनात, तर दवाखान्यामागच्या औषधांच्या रिकाम्या बाटल्यांची बुचं गोळा करून, कापून, एकेक ठोकून बसवली. मी शेडात गेलो तेव्हा ती सुरू होती. आवाज असा एकसारखा की मला वाटलं, चला, या जिल्ह्यात एक तरी गोष्ट नीट चालते.

शेजारच्या जिल्ह्यात लढाईच्या वेळची एक विमानपट्टी ओस पडलेली होती. संक्रांतीनंतर तिथं मोटरसायकलींच्या शर्यती व्हायच्या. पट्टीच्या दोन टोकांना डांबराची पिंपं ठेवायची आणि त्यांना वळसे घालत वीस फेऱ्या मारायच्या. मिस्त्रीला तिथं जायचं होतं. एवढंच. तो म्हणाला, "वीस फेऱ्या न थांबता मारते का, थे पाह्यचं हाय मले. नंबर गेला उडत."

मी म्हणालो, "मिस्त्रीभाऊ, असं एकट्यानं नाही जायचं. संघ काढू."

"काऊन?"

"संघ असला की वजन पडतं."

"गाडीवर वजन कमीच पाह्यजे बे," तो म्हणाला. मी हसलो. ऐकलं नाही.

समिती झाली. गाडी जिनिंगवाल्याची, म्हणून अध्यक्ष तोच. त्याची पहिली सूचना अशी की पेट्रोलच्या टाकीवर त्याच्या दिवंगत वडिलांचं नाव असावं. पेंटर आला, त्यानं पिवळ्या रंगात मोठं 'कै.' काढलं आणि त्यापुढं नाव. मिस्त्री लांबून पाहत उभा होता. "'कै.' लिहेल गाडीवर बसाचं म्हंजे तिरडीवर बसल्यावानी हाय," एवढंच बोलला आणि आत गेला.

मी पत्रक काढलं. 'वऱ्हाडाचा पहिला मोटर शर्यत संघ!' आणि खाली, दोन ओळी जागा उरली होती म्हणून, नुसती जागा भरायला: 'अध्यक्षांच्या शुभहस्ते श्रीफळ वाढवून यंत्र सुरू करण्यात येईल.'

त्या दोन ओळींनी आमचा पहिला हंगाम खाल्ला.

सरकीच्या ट्रकमध्ये गाडी घालून आम्ही सकाळीच पट्टीवर पोचलो. अध्यक्ष आपल्या मोटारीनं येणार होते, पण शुभकार्य आहे म्हणून आधी शेगावला दर्शन घेऊन. बाकीचे आपापल्या गाड्या तापवत होते. पट्टीभर धूर, आवाज. आमची गाडी तेवढी गार. अध्यक्षांचे दिवाणजी सीटवर हात ठेवून, दुसऱ्या हातात नारळ घेऊन उभे.

"थंडं इंजन पयते काय?" मिस्त्री म्हणाला. "पाच मिन्टं फिरवू द्या मले. मग बंद करतो."

"साहेबाईचा हात लागल्याबिगर किक मारायची नाई."

"दिवाणजी, थे निशान घेऊन उभे झाले तिकडे."

"मंग मी काय करू? पत्रकात काय छापलं हाय?" दिवाणजींनी माझ्याकडं बोट केलं. "यायनंच छापलं न?"

मिस्त्रीनं माझ्याकडं पाहिलं. मी म्हणायला हवं होतं, मारा किक. मी म्हणालो, "येतीलच आता."

निशाण पडलं. दहा-अकरा गाड्या सुटल्या. प्रत्येक फेरीला त्या आमच्यासमोरून जायच्या आणि आम्ही तिघं त्यांच्या धुळीत, नारळासह उभे. पंधराव्या फेरीला अध्यक्षांची मोटार आली. कपाळावर अष्टगंध. नारळ फुटला, हार पडला, चार शब्दही झाले. तोवर तिकडं बक्षिसं वाटायला लागले होते. मग अध्यक्ष म्हणाले, "हं, मार किक." पहिल्या किकेत गाडी सुरू झाली. मिस्त्री रिकाम्या पट्टीवर एकटा निघाला, एक फेरी मारून परत आला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या अजून माझ्या कानात आहेत आणि अजून माझा संताप होतो.

दुसऱ्या हंगामात अध्यक्षांनी नारळ वेळेवर फोडला. फक्त गाडीवर मिस्त्री नव्हता. अध्यक्षांचा पुतण्या नागपूरला शिकत होता, त्याच्याकडं चामडी बूट होते. संघाचा चेहरा शिकलेला हवा, असं समितीत ठरलं. हात वर करणाऱ्यांत मीही होतो. मिस्त्री तेलाचा डबा धरून कडेला उभा. पुतण्यानं सरळ पट्टीत गाडी अशी पिळली की लोक उठून उभे राहिले, आणि पहिल्याच पिंपाशी वेग कमी करायचं विसरला. पिंपासकट पडला. बुटांना काही झालं नाही. गाडीचा पुढचं चाक धरणारा काटा वाकला.

आता पुढचं लिहायला मला लाज वाटते, पण तेच लिहायला बसलो आहे.

अध्यक्षांनी मला जिनिंगवर बोलावलं. म्हणाले, "लोकं हासून राह्यले. घरातलं पोरगं हाय. काही तरी सभ्य लिहा." मी लिहिलं: 'यंत्रातील बिघाडामुळे आपल्या संघास शर्यत अर्धवट सोडावी लागली.' मला ते वाक्य निरुपद्रवी वाटलं. सरकारी वाटलं. हजार प्रती काढल्या. डोणगावात वाटल्या, मेहकरात वाटल्या, पार धाड गावच्या बाजारापर्यंत एसटीनं गठ्ठा पाठवला.

तीन आठवड्यांनी मिस्त्रीनं मला शेडात बोलावलं. वाकलेला काटा त्यानं लोहाराच्या भट्टीवर सरळ करून आणला होता. त्यानं माझ्या हातात पाना दिला.

"बिघाड कोनता बे? दाखव मले. खोल अन् दाखव."

मी पाना हातात फिरवत राहिलो.

"तुले त प्लग कुठं ऱ्हायते थे बी मालूम नाई. अन् छापून मोकळा झाला."

त्याचा राग मानापमानाचा नव्हता. रब्बीचे दिवस होते, एरवी त्याच्या शेडासमोर इंजिनं रांगेनं यायची. त्या वर्षी येईनात. ज्याच्या हातची मोटरसायकल भर शर्यतीत बंद पडते त्याच्याकडं विहिरीचं इंजिन कोण नेणार? शेतकरी मेहकरच्या दुसऱ्या मिस्त्रीकडं जायला लागले. कोणी भांडून गेला नाही. रामराम करायचे आणि बैलगाडी पुढं हाकायचे. त्यातलं इंजिन त्याला दिसायचं.

मी म्हणालो, "मिस्त्रीभाऊ, खुलासा काढतो."

"खुलासा नको. वीस फेऱ्या पाह्यजे मले."

तिसऱ्या हंगामात अध्यक्ष जिल्हा परिषदेच्या निवडणुकीत गुंतले. मुक्काम बुलढाण्याला. गाडी दुरुस्तीच्या नावाखाली मिस्त्रीच्या शेडातच होती. आम्ही कोणालाही विचारलं नाही. अध्यक्षाची परवानगी न घेता केलेलं माझ्या आयुष्यातलं ते पहिलं सार्वजनिक काम. मिस्त्रीनं टाकीला पोतं गुंडाळलं, म्हणजे 'कै.' झाकलं जावं, आणि आम्ही निघालो.

त्या दिवशी गाडी आधी चांगली तापवली. निशाण पडलं आणि मिस्त्री सुटला. तो वेगात नव्हता. पिंपाजवळ आला की म्हातारा ओढा ओलांडतो तसा जपून वळायचा. सगळे त्याला मागं टाकायचे. मी बोटांवर फेऱ्या मोजत होतो. सातव्या फेरीला एक गाडी धूर सोडत थांबली. अकराव्याला एकाची चेन तुटली. आमचं इंजिन एकदाही चुकलं नाही. विसावी फेरी पूर्ण केली तेव्हा मिस्त्री शेवटून दुसरा होता. त्यानं इंजिन लगेच बंद केलं नाही. खाली उतरला, कान लावला, थोडा वेळ ऐकलं. मग चेहऱ्यावर जे आलं ते मी तीन वर्षांत पाहिलं नव्हतं.

येताना ट्रकमध्ये तो मोकळा बोलला. "आयक. परवा डोनगावचा बाजार हाय. मी गाडी बाजारातून नेतो. दोन चकरा मारतो, हळूहळू. ज्याले पाह्यचं थो पाहीन, ज्याले आयकाचं थो आयकन. तोवर तू गप राह्य. पत्रक काढू नको."

"हाव," मी म्हणालो.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी मेहकरला छापखान्यात होतो.

का, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. माझंच वाक्य मला टोचत होतं, हे खरं. पण त्याहून खरं हे की छापल्याशिवाय काही घडलं असं मला वाटतच नाही. वीस फेऱ्या झाल्या आणि कागद नाही, हे मला सहन होईना. मथळा मोठ्या ठशात: 'यंत्रात बिघाड नव्हता!' खाली खुलासा, पुतण्याची चूक, पिंप, सगळं. तिथं थांबलो असतो तरी चाललं असतं. पण हात शिवशिवत होता. शेवटी लिहिलं: 'अध्यक्षांच्या गैरहजेरीत संघ प्रथमच धावला.' स्वतःवर खूश होऊन मी संध्याकाळपर्यंत प्रती वाटत हिंडलो.

बाजाराच्या दिवशी मिस्त्री गाडी पुसत होता. टाकीत पेट्रोल भरलेलं. बाजार भरायला लागला होता तेवढ्यात जिनिंगची बैलगाडी शेडासमोर थांबली. दिवाणजी, दोन हमाल. दिवाणजींच्या हातात माझं पत्रक.

"गाडी साहेबाईची हाय. रातीच आले थे बुलढान्याहून. घेऊन या म्हनले."

"मी चालवत आनतो जिनिंगवर," मिस्त्री म्हणाला. "रस्ता बाजारातूनच हाय."

"चालवायची नाई. उचलून आना, अशे म्हनले."

त्यांनी गाडी आडवी करून बैलगाडीत चढवली, दोरानं आवळून बांधली. चाकं कडेला, टाकीवरचं पोतं निसटलेलं, 'कै.' उघडं. आणि ती बैलगाडी भर बाजारातून गेली. भाजीवाल्यांनी पाहिलं, इंजिनवाल्या शेतकऱ्यांनी पाहिलं. बंद पडलेलं इंजिन जसं बांधून नेतात, तशी.

"खरंच बिघडलीच वाट्टे," माझ्या शेजारचा माणूस म्हणाला. त्याच्या हातातल्या कागदात शेव होती. कागद माझाच होता.

मी मिस्त्रीसमोर उभा राहिलो. शिव्या खायची तयारी होती. तो पायरीवर बसून हात पुसत होता.

"पुऱ्या तालुक्यात तुयं पत्रक येकाच मानसानं वाचलं बे," तो म्हणाला. "अन् थो गाडीचा मालक होता."

त्यानंतर मी संघासाठी ओळ लिहिली नाही. संघ कागदावर अजून आहे, अध्यक्षही आहेत, आता जिल्हा परिषदेत आहेत. मिस्त्री विहिरी-विहिरीवर स्वतः जाऊन काम मागतो. जो माणूस नुसत्या कानानं इंजिन ओळखतो त्याला बांधाबांधावर जाऊन सांगावं लागतं की मला काम येतं. थोडे लोक परत आले, बरेच नाही.

मोटरसायकल जिनिंगच्या ओसरीवर उभी आहे. यंदा दसऱ्याला तिची पूजा होती. मी मिस्त्रीच्या शेडात बसलो होतो तेव्हा दिवाणजी घाम पुसत आले.

"साहेबाईनं नारय फोडला, पाहुने बसले हायेत, अन् गाडी चालूच नाई होऊन राह्यली. जरा चाल न मिस्त्री."

मिस्त्री एका इंजिनात हात घालून बसला होता. त्यानं वर पाहिलं नाही.

"यंत्रातला बिघाड असन," तो म्हणाला. "छापून आल्ता न."