गैरहजर अक्षराबाबत अर्ज

प्रति,
संगणकाचे प्रोग्राम लिहिणारे सर्व सज्जन, ते जेथे कोठे बसत असतील तेथे.

अर्जदार : तालुक्याच्या कचेरीसमोरील गाळ्यात बसणारा अर्जलेखक, राहणार लोणावळा, वय प्रौढ, शिक्षण नववी पास (दहावीला बसलो होतो, निकाल येथे अप्रस्तुत).
जाब देणार : सदर गाळ्यातील नवा संगणक व त्यावरील लिहिण्याचा प्रोग्राम.
घटनेचा दिवस : गेल्या भाद्रपदात, गौरी उठल्यानंतरचा पहिला सोमवार.
साक्षीदार : पहिली, माझी पत्नी, जी त्याच गाळ्यात झेरॉक्स मशीन चालवते. दुसऱ्या, मळवलीकडच्या एक मावशी, ज्यांचे मूळ प्रकरण आहे. तिसरा, माझा मेव्हणा, जो घटनेच्या वेळी केवळ फोनवर हजर होता.
नावे मुद्दाम घातलेली नाहीत. ज्यांची आहेत त्यांना ती ठाऊक आहेत.

अर्ज करण्यास कारण की, माझ्या टेबलावर दोन स्क्रीन असतात. हा मान तालुक्यात आधी कोणत्याही अर्जलेखकाने मिळवल्याचे माझ्या ऐकिवात नाही. एक स्क्रीन माझ्याकडे तोंड करून असतो. दुसरा म्हणजे आमच्या घरचा जुना टीव्ही. तो माझ्याकडे पाठ करून पक्षकाराकडे पाहतो. मी इकडे टाइप करतो आणि तिकडे माणसाला आपलेच म्हणणे अक्षराअक्षराने उगवताना दिसते. हाताने लिहीत होतो तेव्हा शेवटी मजकूर वाचून दाखवत असे आणि समोरचा माणूस मान डोलवत असे. ती मान समजून डोलते की दमून, हे मला कधी कळले नाही. टीव्ही लावल्यापासून लोक मध्येच बोलू लागले. पवनानगरकडचे एक आबा तर टीव्हीवर बोट आपटून म्हणाले होते, "हितं 'भांडण' लिवू नका, 'बोलाचाली' लिवा. भांडण आमच्यात झालंच न्हाई, झालं असतं तर त्यो राह्यला असता का?" त्यात माझ्या लिखाणाची प्रतिष्ठा कमी झाली नाही, उलट वाढली, असे माझे अनुभवांती मत आहे.

जुन्या संगणकावर माझा जीव होता हे लपवण्यात अर्थ नाही. मावळातली पावसाळी हवा यंत्राला मानवत नाही. म्हणून मी त्याच्या शेजारी आषाढापासून एक पिवळा दिवा जळता ठेवी, पिल्लांच्या खुराड्यात ठेवतात तसा. पत्नी म्हणे, "माझे गुडघे धरतात तेव्हा कुणी दिवा लावत नाही." मी दुसरा दिवा आणला. तो तिने झेरॉक्स मशीनला लावला.

आता मावशींबद्दल. मावशी आणि त्यांचे यजमान वर्षानुवर्षे एका बंगल्याची राखण करत आले. बंगल्याच्या कुंपणाला लागूनच त्यांचे स्वतःचे घर आहे आणि घरापर्यंत यायचा गाडीरस्ता बंगल्याच्या कडेने जातो. बंगला विकला गेला. नव्या मालकांनी राखणदार बदलला, रस्त्यावर फाटक बसवले आणि त्याला कुलूप घातले. मावशींना राहिला भाताच्या खाचरांतला बांध, पावसात एकच पाऊल टेकेल एवढा. स्वतः मावशी बांधावरून डोईवर सिलिंडर नेतील अशा आहेत. प्रश्न त्यांच्या सुनेचा होता. तिचे दिवस भरत आले होते आणि जीप दारापर्यंत येणे शक्य नव्हते.

रस्ता खुला व्हावा म्हणून प्रकरण दाखल झाले होते. त्या सोमवारी पुकारा होईल तेव्हा मावशींचे लेखी म्हणणे सहीनिशी साहेबांपुढे असले पाहिजे, नसेल तर पुढची तारीख दिवाळीनंतरची, असे कचेरीतून स्पष्ट सांगितले गेले होते. बाळ दिवाळीनंतरची तारीख घेणारे नव्हते.

म्हणणे मी आधीच्या आठवड्यात लिहून ठेवले होते. मावशींनी ते टीव्हीवर पाहिले. नुसते पाहिले नाही, वाचले. त्यांच्या वस्तीतल्या विहारात संध्याकाळी बायकांचा वर्ग भरतो. तिथे त्या या वयात वाचायला शिकल्या आणि त्याचे कारण त्यांनी मला पहिल्याच दिवशी ऐकवले होते. "भाऊ, मागं एकानं मला वाचून दावलं एक, कागदावर व्हतं दुसरंच. मी आंगठा दिला आन् इहिरीवरची वहिवाट गेली. आता मी आंगठा कुणाला देत न्हाई. सई करते, आन् वाचल्याबिगर करत न्हाई." त्या दिवशी त्यांनी बोट फिरवत अर्धा मजकूर वाचला, मुलाला विचारून सोमवारी सही करते म्हणाल्या आणि गाडी गाठायला गेल्या.

दरम्यान जुना संगणक दिव्यासह बंद पडला. मेव्हण्याने नवा आणला, माझ्या सर्व फाइली त्यात घातल्या, टीव्हीची वायर जोडून दिली आणि "दाजी, आता पाच वर्षं बघायला नको," असे बोलून गेला. टीव्ही त्याच रात्री आतून विझला. लाल ठिपका जळत होता, चित्र नव्हते.

सोमवारी मावशी सकाळीच आल्या. मी त्यांच्या फाइलीवर दोनदा टिचकी मारली. काही उघडले नाही. पुन्हा मारली. खाली पट्टीत फाइल उघडल्याची खूण दिसत होती, पण समोर निळा पडदा तसाच.

"कुटं गेलं?" मावशींनी विचारले.

"येतंय, मावशी. यंत्र नवीन आहे."

"नवीन हाय तर पळाया पायजे ना!"

मेव्हण्याला फोन लावला. तो फोनवर नेहमी जेवत असतो. म्हणाला, "दाजी, टीव्हीची वायर अजून जोडलेली आहे का? मग फाइल टीव्हीवर उघडली असणार."

"टीव्ही मेलेला आहे."

"तुमच्यासाठी मेलाय. मशीनसाठी हजर आहे."

या ठिकाणी मी कामकाज थोडे थांबवून खुलासा करतो. प्रोग्राम सुरू होताना संगणकाला विचारतो की, तुझ्याकडे स्क्रीन किती, प्रत्येकाची लांबी-रुंदी काय, कोणता डावीकडे, कोणता उजवीकडे. हा सरळ सरळ कचेरीतला पुकारा आहे. शिपाई दारात उभा राहून नाव घेतो आणि आतून "हजर" असा आवाज येतो. टीव्हीच्या आतला उजेड गेला तरी त्याची वायर "हजर" म्हणत राहते, कारण पुकाऱ्यात कोणी विचारत नाही की, बाबा रे, तुला काही दाखवता येते का? जुना संगणक एकच चित्र दोन्ही स्क्रीनवर दाखवी; नव्याने टीव्ही वेगळा धरला आणि मेव्हण्याने वायर जोडून तपासताना फाइल त्याच्यावर उघडली होती. प्रोग्रामने ती जागा लक्षात ठेवली, टीव्ही हजर आहे असे ऐकले आणि मावशींचे म्हणणे अंधारात नेऊन मांडले.

मी एवढे मनाशी जुळवत होतो तोवर पत्नी उठली, टेबलाखाली वाकली आणि तिने टीव्हीची वायर ओढून काढली. फाइल टुणकन माझ्या स्क्रीनवर आली.

"अगं, विचारायचं तरी!"

"अहो, तुम्ही विचार करत होता. म्हटलं एकानं तरी काम करावं."

आता अडचण अशी की स्क्रीन एकच आणि तो माझ्याकडे. माझ्या खुर्चीत तोवर कधी पक्षकार बसलेला नव्हता. मी उठून मावशींना खुर्ची दिली. त्यांनी पदर सावरला, हात जोडून आधी स्क्रीनला नमस्कार केला आणि बोट टेकवून वाचायला लागल्या. तिसऱ्या ओळीवर बोट थांबले.

"ह्ये तुमी लिवल्यालं न्हाई."

"मीच लिहिलंय, मावशी. गेल्या आठवड्यात तुमच्यासमोर."

"न्हाई. मळवलीचा 'ल' बघा. तवा असा व्हता," म्हणून त्यांनी टेबलाच्या धुळीत आपला मराठी 'ल' काढला, दोन वाटोळ्या पाकळ्यांचा. "आन् ह्याच्या उजव्या अंगाला दांडा हाय. ह्यो हिंदी पाटीवरचा. कागद बदललाय कुनीतरी."

मी बघितले. खरेच होते. 'ल' वेगळा, 'श' वेगळा, सगळी अक्षरे थोडी उभट. मजकूर शब्दन् शब्द माझाच होता आणि अंगावर कपडे परक्याचे होते. मी पुष्कळ समजावले. त्या खुर्चीत मागे टेकून बसल्या.

"भाऊ, तुमच्यावर माजा राग न्हाई. पर तुमीच सांगा, हात बदलला म्हंजी लिवणारा बदलला ना?"

हा तर माझ्याच धंद्याचा नियम आहे. एका कागदात दोन हातांचे अक्षर दिसले की तो कागद संशयित. मी स्वतः कित्येकांना हे ऐकवले आहे. मावशी चुकत होत्या, पण योग्य कारणाने चुकत होत्या. आणि कचेरीच्या दारात शिपायाने पहिला पुकारा सुरू केला होता.

मी पुन्हा फोन लावला. "दाजी, आता काय?" मेव्हणा पुन्हा जेवतच होता. त्याने सांगितले ते मी माझ्या भाषेत देतो. फाइलीत मजकूर असतो. अक्षराचे वळण, म्हणजे फॉन्ट, सहसा नसतो. फॉन्टचे फक्त नाव असते. फाइल उघडली की प्रोग्राम संगणकाकडे यादी मागतो, तुझ्याकडे कोणकोणते फॉन्ट आहेत, आणि त्या यादीत ते नाव शोधतो. माझा फॉन्ट जुन्या संगणकाबरोबर गेला होता. पुकाऱ्याला कोणी उत्तर दिले नाही. तेव्हा प्रोग्रामने मराठी लिहू शकणारा दुसराच एक फॉन्ट त्याच्या जागी उभा केला. कोणाला न विचारता, न सांगता. याहून वाईट म्हणजे वरच्या चौकटीत नाव अजून माझ्या जुन्या फॉन्टचेच झळकत होते. पाटी एकाची आणि गादीवर बसलेला दुसरा. कचेरीत एकाच्या नावाने दुसरा "हजर" म्हणाला तर त्याच्यावर गुन्हा दाखल होतो, हे मी जबाबदारीने नमूद करतो.

"जुनी डिस्क माझ्याकडे आहे, संध्याकाळी आणतो," मेव्हणा म्हणाला.

संध्याकाळपर्यंत वेळ नव्हता. पत्नी माझ्या खांद्यावरून वाकून म्हणाली, "अहो, जो गेला तो गेला. यादी तरी आहे ना? मावशींनाच दाखवा. त्यांना पटेल तो घ्या."

मी सगळा मजकूर निवडला आणि फॉन्टची यादी उघडली. एकेक नाव निवडले की मजकूर ते वळण घेई. मावशी पुढे सरकल्या.

"ह्यो न्हाई. ह्यो बी न्हाई. ह्यो लय बारीक, उपाशी दिसतोय."

"हा?"

"ह्याचा दांडा तसाच. फुडं जा."

"मावशी, हा चांगला आहे, ठसठशीत," पत्नी.

"ठसठशीत हाय, पर परका हाय गं बाई. सोयरिकीला आल्यावानी नटलाय."

एका नावावर चौकोनच चौकोन आले. मावशी म्हणाल्या, "ह्ये काय, खिडक्या?" मी सांगितले की पुकाऱ्याला हा हजर म्हणतो, पण याला मराठी येत नाही. "मंग पुकाऱ्याला कशापायी उभा राह्यला?" असे त्या म्हणाल्या आणि पत्नी हसता हसता झेरॉक्स मशीनला टेकली. मलाही हसू आवरले नाही, जरी प्रसंग हसण्याचा नव्हता.

यादीच्या जवळजवळ तळाशी एक नाव होते, ज्याचा मी कधी उपयोग केला नव्हता. ते निवडताच मजकूर अंग सैल सोडून बसल्यासारखा झाला आणि मळवलीच्या नावात दोन्ही पाकळ्यांचा 'ल' उमटला. मावशींनी स्क्रीनवर बोट टेकवले ते उचललेच नाही.

"ह्यो माजा."

मग त्यांनी पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत वाचले. अर्धवट नाही, घाईने नाही. बाहेर शिपाई एकेक प्रकरण पुकारत होता, मी दारात उभा राहून आकडे ऐकत होतो आणि मागून त्यांचा आवाज येत होता, एकेक अक्षर जोडत, "सु-ने-ची... प्र-कृ-ती..." मला वाटत होते, आता उठावे आणि "मी वाचून दाखवतो" म्हणावे. म्हटले नाही. पत्नीने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, तिच्यासमोर म्हणण्याची माझी छातीही नव्हती.

छापलेल्या कागदावर त्यांनी पुन्हा 'ल' तपासला आणि मग सही केली. आम्ही रस्ता ओलांडून पोहोचलो तेव्हा शिपाई त्यांच्याच प्रकरणाचे नाव दुसऱ्यांदा घेत होता. "हजर हाय!" मावशी आवाराच्या फाटकातूनच ओरडल्या.

साहेबांनी म्हणणे वाचले. कागदावर बोट ठेवून विचारले, "हे तुम्हाला वाचून दाखवलंय का?"

"न्हाई साहेब. मी वाचलंय."

साहेबांनी स्थळपाहणीचा हुकूम दिला आणि पाहणी होईपर्यंत फाटकाला कुलूप लावू नये असे लिहिले. अंतिम निकाल अद्याप प्रलंबित आहे. मात्र पितृपक्षात एका पहाटे जीप त्यांच्या दारापर्यंत गेली आणि सून वेळेवर दवाखान्यात पोहोचली, हे येथे नमूद करताना अर्जदाराला समाधान होते. मुलगी झाली. मावशी पेढे घेऊन गाळ्यात आल्या आणि सरळ माझ्याच खुर्चीत जाऊन बसल्या.

हा मजकूर आपल्याकडे कोणत्या 'ल' मध्ये उमटेल, हे मला सांगता येत नाही. माझ्या टेबलावरून गेल्यावर त्याला कोण उभे करील, हे माझ्या हातात राहत नाही. म्हणूनच हा अर्ज.

तरी आपणांस नम्र विनंती की, आपल्या प्रोग्रामला फॉन्टच्या यादीत मागितलेले नाव सापडले नाही, तर त्याने गुपचूप दुसऱ्याला उभे न करता, "तो गैरहजर आहे, याला चालेल का?" असे मराठीत आणि ठळकपणे विचारावे. जो स्क्रीन नुसता "हजर" म्हणतो, त्यावर कोणाचेही म्हणणे मांडण्याआधी समोर बसलेल्या माणसाला ते दिसते आहे काय, याची खात्री करावी. आपण हे जाणूनबुजून केले असा माझा आरोप नाही. आपल्यापुढे पक्षकार बसलेला नसतो, आमच्यापुढे असतो, एवढेच.

याबाबत आपण काय करणार, ते लेखी कळवून न्याय द्यावा. उत्तर मोठ्या अक्षरांत असावे. मावशींना मी ते वाचून दाखवणार नाही. त्या स्वतः वाचतील.

आपला विश्वासू,
अर्जदार