पणजीचं माहेर आणि माझे पोहे

हसणार नसाल तरच सांगतो. बरं, हसा! अख्खी कोडोली हसून झालीय, तुम्हीच कशाला मागं राहता?

आमच्या आत्याचं वय नव्वद. तिनं एकच हट्ट धरलेला, "माझ्या आजीचं माहेर बघितल्याबिगर मी डोळं मिटणार न्हाय." तिची आजी म्हणजे माझी पणजी. एकोणिसाव्या शतकातली बाई! ऐन तरुणपणी नवरा गेला, पण माहेरी परतली नाही. ओसाड माळावर एकटीनं खोप घातली, दगडं वेचून रान केलं, पोरं वाढवली.

अशा बाईचा माग काढणं काय खायचं काम आहे? लग्नात नाव बदललेलं, माहेरचं नाव कुणालाच ठाऊक नाही. आत्याला आठवत होतं ते एवढंच, की माहेर कोडोलीचं आणि त्या घरात पिढ्यान्‌पिढ्या घारे डोळे.

मी नुकताच निवृत्त झालेला. कोल्हापुरात बसून बायकोच्या स्वयंपाकात चुका काढण्यापेक्षा हे बरं. इस्त्रीचा शर्ट, केसांना ताजा कलप, बगलेत वही, आणि निघालो कोडोलीला. घाऱ्या डोळ्यांचं घर विचारत विचारत तानाजीरावांच्या दारात पोचलो.

"या की पावणं, बसा!"

आता मी स्वतःला फार हुशार समजतो. थेट विषयाला हात घालायचा नाही, आधी माहिती काढायची! वही उघडली. मूळ गाव हेच का? कूळ कुठलं? देवक काय? तानाजीराव हौसेनं सांगत होते. मधेच त्यांनी आत बघून काहीतरी खूण केली, आणि आतनं कांदा परतल्याचा वास आला. म्हटलं, काय माणसं आहेत! अनोळखी माणसाला पोहे!

"घरात घारे डोळे कुणाचे?" मी विचारलं.

"आमच्या धाकटीचं की! बोलवू?"

"बोलवा की! त्यासाठीच तर आलोय!"

काय ही माझी जीभ! पोरगी साडी नेसून, पोह्यांच्या बश्या घेऊन आली. तेच घारे डोळे! मला राहवलं नाही. उभा राहून ओरडलोच, "हीच! हीच ती! किती दिवस शोधत होतो!"

पोरगी ट्रे टेकवून आत पळाली.

"अगं, साखर आण, पसंत हाय म्हन्त्यात!" तानाजीरावांनी बायकोला हाक दिली आणि माझ्याकडं वळले. "आता पोरगा काय करतोय, त्ये सांगा."

"कुठला पोरगा? मला दोन मुलीच."

तानाजीरावांनी माझ्या शर्टाकडं बघितलं, मग कलपाकडं. "म्हंजे पावणं... तुम्ही सोताच?"

त्यांचा हात कोपऱ्यातल्या काठीकडं गेला. मी आत्या, पणजी, माळ, खोप सगळं एका दमात सांगून टाकलं. तेवढ्यात त्यांची म्हातारी आई बाहेर आली. "माळावर खोप घातलेली? आरं, ती तर माझ्या सासऱ्याची आत्या! आणाय गेलती माणसं, पर ती आलीच न्हाय."

काठी राहिली कोपऱ्यात आणि साखर आली माझ्या तोंडात!

पुढच्या रविवारी आत्याला घेऊन गेलो. उंबऱ्यावर डोकं टेकून ती लहान मुलीसारखी रडली. आजीच्या माहेरचं तांब्याभर पाणी प्याली. तानाजीरावांच्या बायकोनं तिची ओटी भरली. माझेही डोळे भरून आले, खोटं कशाला बोलू?

त्याच भरात धाकटीला म्हटलं, "बाळ, आता मी तुझा काका. तुला चांगलं स्थळ मीच बघणार."

ती हसू दाबत म्हणाली, "बघा की काका. पर त्या दिवशी तुम्ही वरडलासा, तवाच मी आजीला आत जाऊन सांगितलंवतं, पोरगा कसाबी असू दे, ह्यो सासरा मला नगं."

म्हणजे बघा! पोह्यांची एक बशी संपायच्या आत मी सासरा म्हणून नापसंत झालो आणि नवरा म्हणूनही.